नालबंद चाचांचं दफ्तर

राज्य कसं चाललं आहे हे ओळखायच्या नाना तऱ्हा शहाण्या माणसांनी काढून ठेवल्या आहेत. कुणी खजिना पाहतो, कुणी रस्ते नि विहिरी पाहतो, कुणी बाजारात जाऊन धान्याची धारण विचारतो. पण घोड्याच्या लिदीकडे बघून कारभाऱ्यांची नियत सांगणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही. ते आमच्या पागेचे नालबंद. घोड्यांना नाल ठोकणं हा त्यांचा सात पिढ्यांचा धंदा, आणि सगळं कोल्हापूर त्यांना चाचा म्हणत असे. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले एक सरदारसुद्धा त्यांना चाचाच म्हणत, आणि चाचाही त्यांना न अडखळता 'बाळासाब' म्हणत. उंची बेताची, दाढी मेंदीनं लाल केलेली, पाठ जन्मभर घोड्याच्या टापेवर वाकून कायमची कमानदार झालेली. त्यामुळे ते माणसाशी बोलायला उभे राहिले तरी नजर त्याच्या गुडघ्याच्या वर फारशी जात नसे. 'माणसाचं तोंड बघून काय कळतंय?' असं ते वर म्हणत.

महाराज गादीवर येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दरबारच्या मोठ्या पागा वेगळ्या; आमची रंकाळ्याच्या बाजूची पागा अगदी लहान, सहा घोडे, त्यांची निगा राखणारे सहा मोतद्दार, त्यांच्यावर एक दारोगा आणि कोठीवर एक कारकून एवढ्यांची. तो कारकून म्हणजे मी. माझं वय तेव्हा तिशीचं, घरात बायको नि दोन मुलं, आणि अंगात नव्या नोकरीचा ताठा. पहिल्या दिवशी मी पागेत पाऊल टाकलं तेव्हा चाचा एका घोड्याचा मागला पाय मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या वहाणांकडे पाहिलं. मग हातातली कानस खाली ठेवून त्यांनी माझा पाय घोट्याला धरून सरळ उचलला. मी भिंतीला धरलं म्हणून पडलो नाही. "उजवं अंग जास्त झिजलंय," ते म्हणाले. "सायबाच्या उजव्या हाताला उभं ऱ्हायची सवय दिसतीया. हितं साहेब डाव्या अंगाला बसत्यात. चार महिन्यांत सरळ हुशिला." आणि पाय खाली ठेवून त्यांनी माझ्या मानेवर दोन थापा मारल्या, त्या घोड्याला मारतात तशाच. पुढे माझ्या लक्षात आलं की हा मान ते फार थोड्या माणसांना देत.

माणसाशी घोड्यासारखं वागावं आणि घोड्याशी माणसासारखं, हा त्यांचा नेम होता. नाल ठोकताना ते घोड्याला सगळ्या गावच्या बातम्या सांगत; शेवटचा खिळा बसला की तळहातात लपवलेला गुळाचा खडा त्याच्या ओठाला लावत आणि उरलेली बोटं स्वतः चाटत. घोड्याला तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, तोंडाला बांधण्याआधी त्यातले चार दाणे ते स्वतः चावून बघत. चंदी म्हणजे भिजवलेला हरभरा. पण चाचांच्या जिभेला तो हरभरा गारगोटीच्या बाजारातला की वडगावच्या, यंदाचा की गेल्या सालचा, हेही समजे. मात्र त्यांचा खरा विश्वास होता तो लिदीवर. "दाणा खोटं बोलंल," ते म्हणत, "वरनं चांगला नि आतनं किडका निघंल. कागद तर बोलतोच. लीद कुणाच्या बापाची भीड धरत न्हाय." रोज सकाळी पागेत आल्यावर आपण जसं देवाला जातो तसे ते प्रत्येक घोड्याच्या मागे जात, उकिडवे बसत, नालाच्या खिळ्यानं एक गोळा फोडत, वास घेत आणि मान हलवत उठत. ती मान हलली की दारोगासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडत.

ही सवय त्यांना पागेबाहेरही सुटत नसे. शनिवार पेठेत आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत दाराशी आला. सगळी पेठ नवरदेवाचा फेटा बघत होती, चाचा तेवढे घोड्याच्या मागे. नेमकं त्या घोड्यानं मांडवाच्या दारातच आपलं काम उरकलं. बायका पदर सावरून बाजूला झाल्या, चाचा पुढे सरसावले. खिळा काढला, गोळा फोडला, आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत मुलीच्या बापाला म्हणाले, "पावणं, घोडं भाड्याचं हाय आणि सकाळधरनं त्याला कोंडा घातलाय. फेट्याला जरीकाठ हाय, घोड्याला मूठभर दाणं न्हाईत. पोरगी देताय, बगून द्या." मुलीच्या बापाला घाम फुटला, वरपक्षाचे लोक हातघाईवर आले, आणि चाचांना दोघांनी उचलून गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवलं. लग्न झालं. पण पहिल्या सणाला मुलगी माहेरी आली तेव्हा तिच्या आईनं आठ दिवस तिला नुसतं जेवायला वाढलं, असं आमच्या घरात बोलणं झालं होतं.

चाचा तरुणपणी खूप मुलूख हिंडले होते, आणि कुठल्या मुलखात माणसं कशी खातात यावर त्यांचा अभ्यास एखाद्या शास्त्र्यासारखा पक्का होता. दुपारी घोडे सावलीला उभे असले की ते आम्हाला त्याचा पाठ देत. पुण्याच्या छावणीत गोऱ्या पलटणीचे घोडे त्यांनी दोन वर्षं सांभाळले. "तितं लीद बगावी तर सोनं," ते सांगत. "दाणा पुरा, वैरण पुरी. मला वाटलं, ही माणसं काय खातच न्हाईत. मग कळलं, त्यांची चोरी घोड्यापतुर येतच न्हाय, ती पार वरच्या वर, मक्ता देताना हुती. घोडं गुबगुबीत, नि मुलूख वाळल्याला." मग ते निजामाच्या मुलखात एका जहागीरदाराकडे होते. तिथे कागदावर चाळीस घोडे आणि ठाणावर अकरा. "बाकीचं एकुणतीस मरून गेल्यालं. पर चंदी चाळिसांची निघायची. मेल्यालं घोडं जित्यापेक्षा जास्त खातंय, कारकून. त्याला पोट भरल्याचं कळतच न्हाय." आणि तिथली माणसं इतकी अदबशीर की चोरी करतानाही एकमेकाला 'आधी आपण' म्हणत. गोव्याच्या हद्दीत एका अंमलदाराकडे त्यांना याच्या अगदी उलट दिसलं. तिथे एक बाटली, एक काम असा रोखठोक हिशेब. कुणी लाजत नसे, कुणी भांडत नसे, आणि बाटलीशिवाय कुणी हलतही नसे. एकदा अंमलदाराच्या स्वतःच्याच घोड्याचा नाल निघाला, तर त्याच्याच नोकरानं त्याच्याकडे बाटली मागितली. मी विचारलं, "आणि आपल्याकडे?" चाचांनी दाढी कुरवाळली. "आपल्याकडं कुणी खात न्हाय," ते म्हणाले. "आपल्याकडं शिरस्ता असतोय."

मोतद्दार सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसू थोडं उशिरा आलं. त्याचं कारण सांगायला हवं. मी कामावर आलो त्या पहिल्याच दिवशी चंदी मोजताना माझ्या ध्यानात आलं होतं की कोठीतलं माप शिगेला भरत नाही, काठाच्या दोन बोटं खालीच राहतं. मी नवा होतो, मी दारोगासाहेबांना सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. उलट खांद्यावर हात ठेवून "हुशार आहात," असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा गडी माझ्या घरी पायलीभर हरभरा ठेवून गेला. निरोप एवढाच, की कोठीवरच्या कारकुनाचा हा पहिल्यापासूनचा शिरस्ता आहे. मी परत पाठवायचं म्हणालो. पण मनापासून म्हणालो असं आज म्हणवत नाही. आमची बायको म्हणाली, "सरकारी मान आहे, परत केला तर त्यांचा अपमान होईल." त्या रविवारी आमच्याकडे पुरणपोळ्या झाल्या. पुढे दर आठवड्याला हरभरा येत राहिला. मी मापाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, आणि गंमत अशी की मला ते कमी भरतं असं दिसेनासंच झालं. मुलांच्या दुधासाठी आम्ही एक शेळी बांधली होती. घरात खाऊन उरलेला हरभरा तिला जाऊ लागला.

एकदा चाचा माझ्या घरी आले. मुलगा आजारी होता, त्याच्यासाठी कसलासा काढा घेऊन आले होते. मी त्यांना ओसरीवर बसवलं, पण ते बसले नाहीत. त्यांची नजर परसात गेली. शेळीभोवती त्यांनी एक फेरी मारली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग सवयीप्रमाणे उकिडवे बसून एक लेंडी दोन बोटांत चुरडली. मी पाणी आणायच्या निमित्तानं दाराकडे वळलो. "शेळी झ्याक हाय," ते म्हणाले. "आमच्या चांदणी घोडीवर जी चकाकी दिसायला पायजे, ती हिच्यावर दिसतीया." एवढंच. मग हात धुऊन त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला, काढा कसा द्यायचा ते बायकोला नीट समजावलं, आणि निघताना नेहमीसारख्या माझ्या मानेवर दोन थापा मारल्या. मला त्या थापांनी त्या दिवशी रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. मी बायकोला म्हणालो, म्हातारा चोंबडा आहे.

दुसऱ्या दिवशी पागेत ते माझ्याजवळ येऊन बसले आणि कुणाबद्दल न बोलता बोलू लागले. "वरचा खातोय म्हणून खालचा खातोय, असं लोक बोलत्यात. उलटं हाय. खालच्याला खाऊ घातल्याबिगर वरच्याला गिळायला येत न्हाय. लाथाडं घोडं असलं की मी काय करतो? आधी तोंडात वैरणीची पेंढी देतो. तोंड चालू ऱ्हायलं की पाय कुणी उचलला ते त्याला कळतच न्हाय. पेंढी संपंस्तोवर नाल ठोकून झाल्याला असतोय." मी वही उलटीकडून उघडून बघत बसलो होतो.

आमच्या सहा घोड्यांत चांदणी नावाची पांढरी घोडी होती. दसऱ्याच्या मिरवणुकीत निशाण वाहायचा मान तिचा. तिचा मोतद्दार म्हणजे एक हडकुळा, अबोल माणूस. पागेतल्याच दोन खणांत बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन राहायचा. पगार सगळ्याच मोतद्दारांचे तीन-तीन महिने तुंबायचे, पण याची तक्रार कुणी ऐकली नव्हती. त्या वर्षी पावसाळ्यापासूनच घोडे उतरत चालले होते. बरगड्या दिसू लागल्या होत्या. दारोगासाहेब म्हणायचे, हवा मानवत नाही. चाचा रोज सकाळी गोळे फोडायचे, मान हलवायचे, आणि हल्ली त्यांनी एक नवाच उद्योग काढला होता. पागेच्या मागल्या भिंतीत सहा कोनाडे होते. रोजच्या लिदीतला एकेक गोळा ते उन्हात वाळवून ज्याच्या त्याच्या कोनाड्यात रांगेनं मांडून ठेवायचे. चांदणीच्या कोनाड्यात चांदणीचे, लाल्याच्या कोनाड्यात लाल्याचे. आम्ही हसायचो. दारोगासाहेबांनी एकदा ते काढून टाकायला सांगितलं, तर चाचा म्हणाले, "साहेब, तुम्ही कागद जपून ठेवतासा, आमी काय कधी म्हणालो फेका? हे माजं दफ्तर हाय."

दसरा आला. मिरवणूक निघाली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. निशाण घेऊन चांदणी पुढे चालली होती, आणि ऐन गर्दीच्या जागी ती थांबली, तिचे पुढले गुडघे वाकले, आणि ती निशाणासकट खाली बसली. ती मेली नाही. पाणी पाजल्यावर थरथरत उठली. पण सगळ्या शहरानं ते पाहिलं. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी करणी म्हणालं. महाराज स्वतः घोड्यांचे दर्दी. चौथ्या दिवशी दरबारातून चौकशीला एक अंमलदार आले. त्याच्या आदल्याच दिवशी दारोगासाहेबांनी आपला जबाब लिहून ठेवला होता, तो माझ्याच अक्षरात. त्यात म्हटलं होतं, की कोठीतून चंदी पूर्ण निघते, चांदणीचा मोतद्दार तिच्या तोबऱ्यातली चंदी काढून बाजारात विकतो. लिहून झाल्यावर मी शाई वाळवली. मोतद्दाराची नोकरी जाणार, पागेतलं घर जाणार, आणि वर कैद होणार, हे मला लिहितानाच माहीत होतं. दारोगासाहेब म्हणाले, "अक्षर सुरेख आहे तुमचं."

चौकशी पागेच्या ओसरीवर भरली. अंमलदार मोठे शिस्तीचे आणि सोवळ्याओवळ्याचे. पांढरंशुभ्र उपरणं, समोर टेबलावर पांढरी चादर. जबाब वाचला गेला. मोतद्दाराला विचारलं, "काही सांगायचं आहे?" त्यानं हात जोडले. त्याची आई खांबामागे पदर तोंडात धरून उभी होती. तेवढ्यात चाचा आले. त्यांच्या दोन्ही हातांत वैरणीचं एक सूप होतं, आणि त्यात वाळलेल्या लिदीच्या सहा रांगा. ते सूप त्यांनी अदबीनं पांढऱ्या चादरीवर ठेवलं. अंमलदारांनी खुर्ची मागे सरकवली आणि उपरणं नाकाला लावलं.

"हे काय आहे?" त्यांनी उपरण्यातून विचारलं.

"पुरावा हाय, साहेब," चाचा म्हणाले. "घाबरू नगा, वाळल्याला हाय."

ओसरीवर कुणीतरी हसलं, आणि लगेच खोकल्याचं सोंग आणलं. चाचांनी खिळा काढला. पहिल्या रांगेतला एक गोळा फोडला, दुसऱ्या रांगेतला फोडला, असे सहा फोडले आणि अंमलदारांपुढे ओळीनं मांडले. "ह्यो लाल्या. ही बिजली. ह्यात बगा, नुसता कोंडा, नि वाळू. हरभऱ्याचं टरफल औषधालाबी न्हाय. साही घोड्यांचं असंच हाय. आता मला सांगा साहेब, चांदणीच्या मोतद्दारानं चांदणीची चंदी चोरली असंल. मग लाल्याची कुणी चोरली? सहा घोडी, सहा मोतद्दार, नि लीद एकच. एका माणसाला साही तोबऱ्यांत हात घालता येत असंल तर त्याला मोतद्दार कशाला ठेवलाय, त्याला कारभारी करा."

अंमलदारांचं उपरणं नाकावरून थोडं खाली आलं. ते पुढे वाकले. चाचांनी चांदणीच्या रांगेतला आणखी एक गोळा उचलला आणि फार हळू फोडला. "एक फरक हाय तेवढा. ह्यात बारीक पिवळं काय दिसतंय? मिरचीचं बी हाय. सरकारी पागेत घोड्याला मिरची द्यायचा शिरस्ता मी तरी कुठं बगितला न्हाय. ही मिरची कुठनं आली, ते ह्याला इचारा." आणि त्यांनी मोतद्दाराकडे बोट केलं.

मोतद्दार मान खाली घालून उभा होता. दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, "माजी भाकरी द्येत हुतो, साहेब. खरडा पुसून काढायचो, पर ऱ्हायचा थोडा. तिला भूक लागायची की."

त्यानंतर ओसरीवर कुणी हसलं नाही. अंमलदारांनी उपरणं खांद्यावर टाकलं, दारोगासाहेबांकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग चंदी गेली कुठे?" दारोगासाहेब म्हणाले, कोठीतून पूर्ण निघते, कारकून साक्षीला आहेत. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आल्या. माझी नजर सुपाकडे होती. चाचांचं गोळे फोडणं झालं होतं. कोपऱ्यात फडक्याची एक लहानशी गाठोडी तेवढी राहिली होती, लिंबाएवढी, नीट गाठ मारलेली. आणि चाचांनी तिच्यावर आपला हात ठेवला होता. माझ्या डोळ्यांपुढे आमचं परस उभं राहिलं, शेळी उभी राहिली, दोन बोटांत चुरडलेली ती लेंडी उभी राहिली. आता हा म्हातारा ही गाठ सोडणार, आणि माझ्या घरचा शिरस्ता पांढऱ्या चादरीवर सांडणार, हे मला स्पष्ट दिसलं. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते नेहमीसारखे माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

मी उभा राहिलो. मी काय बोललो ते मला पुरं आठवत नाही. माप शिगेला भरत नव्हतं, हे सांगितलं. किडका दाणा आणि कोंडा मक्तेदाराकडून येतो नि चांगला म्हणून घेतला जातो, हे सांगितलं. चांगल्या हरभऱ्यातला पायलीभर दर आठवड्याला माझ्या घरी येतो, हेही सांगितलं. चाचांनी हात काढला नाही. गाठही सोडली नाही.

चौकशीचा निकाल महिन्यानं लागला. मोतद्दार सुटला, त्याचं घर राहिलं. घोड्यांना पुरा दाणा मिळू लागला, निदान पुढची काही वर्षं. दारोगासाहेबांवर काही शाबीत झालं नाही, कारण त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. त्यांना दुसरीकडे नेमलं, आणि ती जागा आधीच्याहून बरी होती असं लोक म्हणत. माझ्यावर सगळं शाबीत झालं, कारण मी स्वतःच सांगितलं होतं. मला खालच्या जागेवर गारगोटीला पाठवलं. मक्तेदार कोण होता आणि त्याला मक्ता कुणी दिला, हे कुणी विचारलंच नाही. बायको महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. "खरं बोलायचं होतं तर पहिल्या दिवशी बोलायचं," असं ती म्हणाली.

गारगोटीला निघायच्या दिवशी सकाळी गाडी दाराशी लागली तेव्हा चाचा आले. रस्ता खडकाळ आहे म्हणून त्यांनी न सांगता गाडीच्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून दिल्या. शेवटचा खिळा बसल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "चाचा, त्या दिवशीची ती गाठोडी. तीत आमच्या शेळीच्या लेंड्या होत्या ना?"

चाचा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलले. "लेंड्या? गूळ हुता त्यात. चांदणीचा."

"मग तिच्यावर हात का ठेवला होता?"

"माश्या बसत हुत्या," ते म्हणाले.

मी गाडीच्या जुवाला धरून उभा राहिलो. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाच खरं बोललो आणि तेही गुळाच्या खड्याला घाबरून, ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नाही. चाचांना तेव्हा लाज काढायची होती की धीर द्यायचा होता, की खरोखरच माश्या होत्या, हे मला ठरवता येईना. त्यांनी मानेवर दोन थापा मारल्या आणि बैलांना चुचकारलं.

गारगोटीच्या बाजाराला ते पुढे वर्षातून दोन-तीनदा बैलांना पत्र्या मारायला येत, आणि आले की माझ्या घरी उतरत. आम्ही तिथेही शेळी पाळली होती. जेवायला बसण्याआधी ते परसात जात. पहिल्या खेपेला मला कानकोंडं झालं; नंतर मी स्वतःच त्यांना परसाचं दार उघडून देऊ लागलो. ते लेंडी चुरडत, शेळीच्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "आता शेळी शेळीगत दिसतीया." मग निवांत जेवत. बायकोचा त्यांच्यावरचा राग कधीच गेला होता. ती त्यांच्यासाठी मुद्दाम खरडा जास्त वाटायची.

शेवटचे आले तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. नातवानं हाताला धरून आणलं होतं. हातोडी सुटली होती, कमानदार पाठ आणखी वाकली होती. चांदणी म्हातारी होऊन भरल्या पोटानं मेली, हे त्यांनीच सांगितलं. कोल्हापुरात आता मोटारी आल्या आहेत, पागेत एक मोटारच ठेवतात, आणि त्यांच्या दफ्तराच्या कोनाड्यांत तेलाचे डबे आहेत, हेही सांगितलं. "मोटारीच्या मागं जाऊन बगितलं," ते म्हणाले. "नुसता धूर. कुणी काय खाल्लं, काय कळत न्हाय." मी विचारायचं राहिलेलं एकदाचं विचारलं. "चाचा, मी त्या दिवशी बोललो नसतो, तर तुम्ही माझं नाव घेतलं असतं?"

"बोललासा की," ते म्हणाले, आणि तळहात पुढे केला.

मला आधी कळेना. मग मी उठलो, परसात गेलो आणि एक लेंडी आणून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत चुरडली, नाकाशी नेली, बराच वेळ धरली. "ब्येस हाय," ते म्हणाले. सगळ्या नोकरीत मला वरिष्ठांकडून कसलं प्रशस्तिपत्र मिळालं नाही, मिळायचं कारणही नव्हतं. पण तेवढं एक आहे आणि ते मी मनात जपून ठेवलं आहे. हात धुऊन झाल्यावर त्यांनी चाचपडत कमरेची पुरचुंडी सोडली. मला वाटलं गूळ शेळीसाठी आहे, म्हणून मी तिला जवळ ओढली. पण चाचांनी अंदाजानं माझा हात शोधला, खडा माझ्या तळहातावर ठेवला, आणि उरलेली बोटं स्वतः चाटली.